शून्य पीपीएमवाल्यांनी तरी असं म्हणू नये

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या पट्ट्यातल्या लघुउद्योजकांची एक स्मरणिका हाती पडली. शुभेच्छांच्या रंगीत जाहिराती वजा केल्या की जी पंधरावीस पानं उरतात, त्यांत एक लेख होता. लिहिणारे गृहस्थ म्हणजे ज्यांच्या भोसरीच्या शॉपवर मी पंचवीस वर्षांपूर्वी मायक्रोमीटर धरायला शिकलो ते. नाव सांगत नाही. त्यांना सगळे शेठच म्हणतात. लेख सरकारी पैशावर पोसल्या जाणाऱ्या ‘निकामी’ विज्ञानावर होता, आणि त्यातही नेम धरला होता कणांच्या क्षयाचा कागदावर हिशेब मांडणाऱ्यांवर. मी फोन केला. शेठ म्हणाले, “लिही की मग उत्तर. पुढच्या अंकात छापू.” तेव्हा हा प्रतिवाद त्यांच्या परवानगीनेच.

शेठांवर अन्याय न करता त्यांचा आरोप मांडायचा तर असा. कण फुटतो कसा, किती वेळा, कोणत्या तुकड्यांत, याची गणितं मांडून एक नट तरी घट्ट बसतो का? चाळीस-पन्नास वर्षं ही मंडळी म्हणतायत की आता काहीतरी नवं सापडणार. सापडत काही नाही, आणि जे सापडल्याची बातमी येते ती पुढच्या वर्षी खोटी निघते. तेवढ्या पैशात आयटीआयला चार नवी सीएनसी मशीनं आली असती.

आधी शब्दाचं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एके काळी स्ट्रेप्टोमायसिन बनायचं, त्यामुळे आमच्या भागातल्या जुन्या माणसाला ‘क्षय’ म्हटलं की इंजेक्शन आणि औंधचं छातीचं रुग्णालय आठवतं. कणाचा क्षय म्हणजे झिजणं नव्हे. एक जड कण नाहीसा होतो आणि त्याच्या जागी हलके कण उमटतात. ते हलके कण आधी त्याच्या पोटात दडलेले नसतात; त्या क्षणी जन्माला येतात. एका कणाला असे नाहीसे होण्याचे अनेक मार्ग असतात आणि प्रत्येक मार्गाचा वाटा ठरलेला असतो. शंभरात अमुक, लाखात तमुक. सिद्धांतवाल्याचं काम हा वाटा आधी काढून देणं, आणि त्याला अधिक-उणे लावून देणं.

आता एक आकडा बघा. बी-एस मेसॉन नावाचा एक कण आहे. तो फुटून नुसते दोन म्युऑन बाहेर यावेत असा एक मार्ग त्याला आहे. हा वाटा सिद्धांताने काढला तो अब्जात ३.६६, अधिक-उणे ०.१४. आपल्या भाषेत ०.००३७ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ०.००३७. चाकणच्या कोणत्याही सप्लायर मीटिंगमध्ये कस्टमर ५० पीपीएमवरून १० वर या म्हणतो तेव्हा टेबलाच्या अलीकडे बसलेल्यांचे चेहरे कसे होतात, ते शेठांनी पाहिलेलं आहे. इथे कुणीतरी फळ्यासमोर बसून, एकही नग न बनवता, ०.००३७ पीपीएम सांगितलं आणि त्यावर चार टक्क्यांचा टॉलरन्स लावून सही केली. हे निकामी वाटायला माणूस क्वालिटीच्या बाहेरचा लागतो.

इतका बारीक वाटा काढायचा कशासाठी? कारण तो बारीक आहे म्हणूनच. या क्षयाला सरळ रस्ता बंद आहे. कणाला वळसा घालून जावं लागतं, आणि त्या वळशातही म्युऑनच्या फिरकीची दिशा आडवी येते, म्हणून वाटा अब्जात साडेतीन-चारवर येतो. पण त्या वळणावर आजवर न दिसलेला एखादा जड कण उभा असेल, तर तोही गाडीला धक्का देऊ शकतो आणि वाटा बदलतो. नेहमीच्या रहदारीत असा धक्का कळणार नाही. सुनसान गल्लीत कळतो. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर अतिसममितीच्या नावाने जे आराखडे मांडले गेले, त्यांतल्या कित्येकांचं म्हणणं होतं की हा वाटा याच्या कितीतरी पट निघेल. मग जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत मोजमाप सुरू झालं. सीएमएस आणि एलएचसीबी या दोन प्रयोगांनी एकत्र आकडा २०१५ साली प्रसिद्ध केला तो अब्जात २.८, चूक-भूल साधारण पाऊण. २०२२ मध्ये एकट्या सीएमएसने तो ३.८३ वर आणला आणि चूक दहा टक्क्यांपर्यंत उतरवली. ड्रॉइंगशी जुळला.

शेठ म्हणतील, झालं, काही सापडलं नाही. शेठ, आपल्या लाइनवरून पाच लाख नग सलग ओके गेले म्हणून इन्स्पेक्शनचा पगार वाया गेला, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. म्हणजे एकदा म्हणाला होतात, कस्टमर ऑडिटच्या आठवडाभर आधी. ऑडिट झाल्यावर नाही. तो एक आकडा जुळल्याने सिद्धांतवाल्यांचेच कितीतरी आराखडे भंगारात गेले, आणि ते भंगारात टाकायला कोर्टकचेरी लागली नाही. आराखडा मांडतानाच त्यांनी लिहून दिलं होतं की आकडा इतका आला तर आमचं चुकलं. असं लिहून देणारे व्हेंडर तुम्हाला आजवर किती भेटले?

खरी मेख मला वेगळीच वाटते, आणि ती शेठांपुरती नाही. आमचा अख्खा पट्टा दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर जगतो. ड्रॉइंग जर्मनीहून येतं, जपानहून येतं, कोरियाहून येतं. मेलवर येतं, पीडीएफमध्ये येतं, आणि त्याचं आपल्याला वेगळं बिल येत नाही. म्हणून आपल्याला वाटायला लागलं आहे की ड्रॉइंगला किंमत नसते, किंमत असते ती मशीनिंगला. बोअर ३२ मिलिमीटरच का, त्यावर अधिक २५ मायक्रॉन आणि उणे शून्यच का, हे विचारायची सवय गेली. विचारलं तरी उत्तर देणारा माणूस सात हजार किलोमीटरवर झोपलेला असतो. ज्याने तो २५ चा आकडा ठरवला त्याने आयुष्यात एक नट घट्ट केला नसेल. तरी पैसा त्याच्याकडे जातो आणि रिजेक्शन आपल्याकडे. देशाचा संशोधनावरचा सगळा खर्च धरला तर २०२०-२१ साली तो जीडीपीच्या ०.६४ टक्के होता, आणि त्यात खासगी उद्योगाचा वाटा निम्म्याहून कमी. हे आपलं सगळ्यांचं कर्तृत्व. आणि बोट कोणाकडे? ज्या मोजक्या ठिकाणी आपली माणसं स्वतः ड्रॉइंग काढतात, त्यांच्याकडे.

काढतात म्हणजे कसं, ते एका उदाहरणाने सांगतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, म्हणजे टीआयएफआरमधले, अमोल दिघे शिकागोला पीएचडी करत असताना त्यांनी डुनिएट्झ, लिपकिन आणि रोझनर या तिघांबरोबर एक निबंध लिहिला. तो १९९६ साली छापून आला. विषय तोच बी-एस मेसॉन, पण फुटण्याचा मार्ग वेगळा: जे-साय आणि फाय हे दोन कण. गंमत अशी की बी-एस हा एक कण दिसत असला तरी त्याच्या दोन जाती असतात, एक थोडी कमी जगणारी, एक थोडी जास्त. या क्षयात दोघींचा माल एकाच डब्यात पडतो. लॉट मिक्स झाल्यावर काय होतं ते मी सांगायला नको. दिघे आणि मंडळींनी दाखवलं की बाहेर पडणारे कण कोणत्या कोनांत उडतात त्याची नीट नोंद ठेवली, तर त्या कोनांच्या वाटणीवरून दोन जाती वेगळ्या काढता येतात, आणि मग दोघींच्या आयुष्यातला फरकही मोजता येतो. पुढे अमेरिकेत फर्मीलॅबमध्ये आणि नंतर सर्नमध्ये या क्षयाची मोजणी झाली ती अशा कोनांच्या विश्लेषणानेच. दिघ्यांना २०१३ साली भटनागर पुरस्कार मिळाला. इथे ड्रॉइंग काढणाऱ्यांत आपला माणूस होता आणि मशीनिंग साहेबाने केलं. आपल्याकडे हे इतक्या क्वचित होतं की झालं तरी ओळखू येत नाही.

दुसरं उदाहरण पुण्यातलंच. रोहिणी गोडबोले १९५२ साली पुण्यात जन्मल्या, हुजूरपागेत आणि मग स. प. महाविद्यालयात शिकल्या, आयआयटी मुंबईहून अमेरिकेत स्टोनी ब्रुकला गेल्या, परत आल्या, मुंबई विद्यापीठात बरीच वर्षं शिकवलं आणि १९९५ पासून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यातच गेल्या. त्यांच्या कामातला एक तुकडा मला फार आवडतो, कारण तो माझ्या धंद्याचा आहे. टॉप क्वार्क हा सगळ्यात जड मूलकण. तो सेकंदाच्या इतक्या लहान अंशात फुटतो की दशांशचिन्हानंतर चोवीस शून्यं लिहावी लागतात आणि मग पाच. इतर क्वार्कना निदान शेजाऱ्यांना चिकटून दुसरा कण व्हायला सवड मिळते; याला तीही नाही. त्यामुळे जन्मताना त्याची फिरकी जशी होती तशीच ती त्याच्या तुकड्यांवर उमटते. म्हणजे तुकड्यांवरून जन्माची परिस्थिती वाचता येते. पण अडचण अशी की तुकड्यांवर दोन शिक्के असतात, एक जन्माचा आणि एक मरणाचा. फुटण्याच्या क्रियेतच काही अनोळखी गडबड असेल तर? मग दिसणारा फरक जन्माचा की मरणाचा, कसं ठरवायचं?

सीएमएमवर काम करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न रोजचा आहे. नग फिक्स्चरमध्ये तिरका बसला की सगळे आकडे हलतात, आणि चूक नगाची की क्लॅम्पिंगची, कळत नाही. अनुभवी माणूस मग असा डेटम शोधतो की नग जरा तिरका बसला तरी त्या एका मापावर फरक पडू नये. गोडबोले, सौरभ रिंदाणी आणि रितेश सिंग यांनी २००६ साली दाखवलं की टॉपच्या क्षयात बाहेर येणाऱ्या लेप्टॉनची, म्हणजे इलेक्ट्रॉन किंवा म्युऑनची, कोनांतली वाटणी ही असाच डेटम आहे. फुटण्याच्या क्रियेत थोडी गडबड असली तरी ती वाटणी पहिल्या पायरीवर हलत नाही. ती हलली तर दोष जन्माकडचा. हे कागदावर, गणिताने. आमच्याकडे असा डेटम शोधणाऱ्या मुलासाठी मी त्याच महिन्यात इन्क्रिमेंट मागितलं असतं.

आता शेठांचा सगळ्यात जड मुद्दा, आणि तो मी टाळणार नाही. बातम्या खोट्या निघतात. निघतात. २०२१ च्या मार्चमध्ये एलएचसीबीने जाहीर केलं की बी मेसॉनच्या एका क्षयात म्युऑनची जोडी आणि इलेक्ट्रॉनची जोडी यांचं प्रमाण, जे सिद्धांताप्रमाणे एक यायला हवं, ते ०.८४६ येतंय. फरक ३.१ सिग्मा. त्याच्या आधीपासून, २०१४ साली ते ०.७४५ मोजलं गेलं तेव्हापासून, जगभरच्या सिद्धांतवाल्यांनी त्यावर शेकड्यांनी निबंध लिहिले. लेप्टोक्वार्क आले, नवे बोसॉन आले. आपल्याकडच्यांनीही लिहिले. डिसेंबर २०२२ मध्ये एलएचसीबीनेच पुन्हा हिशेब केला आणि प्रमाण एकवर येऊन बसलं. काही जड कण इलेक्ट्रॉन म्हणून मोजले गेले होते. इलेक्ट्रॉन जास्त दिसले, म्हणून प्रमाण कमी दिसलं.

मी ही बातमी वाचली तेव्हा हसलो नाही, कारण मला आमची एअर गेज आठवली. मी तेव्हा जिथे होतो तिथे एका बोअरचे नग तीन आठवडे अंडरसाइज म्हणून लाल डब्यात जात होते. रोज सकाळी मीटिंग. कूलंटवाला म्हणे इन्सर्ट, इन्सर्टवाला म्हणे स्पिंडल, मेंटेनन्सवाला म्हणे दुपारच्या शिफ्टला पत्रा तापतो. प्रत्येकाकडे आलेख होता आणि प्रत्येकाचा आलेख पटत होता. शेवटी स्टँडर्ड रूममधल्या एका पोराने सेटिंग रिंग कॅलिब्रेशनला नेली. रिंग घासून चार मायक्रॉन मोठी झाली होती. मोठ्या रिंगला आम्ही ३२.००० समजून शून्य लावत होतो, त्यामुळे चांगला नग चार मायक्रॉन लहान दिसत होता. नग बरोबर, ड्रॉइंग बरोबर, गेज चुकलेली. तीन आठवड्यांचा लाल डबा परत मोजला आणि बहुतेक माल पाठवला.

त्या तीन आठवड्यांतल्या कूलंटवाल्याला आणि स्पिंडलवाल्याला तुम्ही कामावरून काढणार का? मी तर म्हणतो, त्या भांडणातच आम्हाला पहिल्यांदा कळलं की आमचा स्पिंडल तापल्यावर किती वाढतो. पण हे राहू द्या. मुद्दा असा की खोटी बातमी पकडली कोणी? पत्रकारांनी नाही, स्मरणिकेतल्या लेखकांनीही नाही. ज्यांनी दिली त्यांनीच पकडली, आणि पकडता आली याचं कारण एकच: तिकडे ते ‘एक’ हे ड्रॉइंग एका टक्क्याच्या आत पक्कं होतं. ते तसं पक्कं करून देणं हेच सैद्धांतिक काम. आकडा कुठे असायला हवा हे ठाऊक नसेल तर गेज चुकली हे कोण सांगेल?

तरीही शेठांच्या बाजूने एवढं मान्य करतो. बातमी आली की धावत सुटायचं, आठवड्यात निबंध, महिन्यात दुसरा, ही सवय वाईट आहे, आणि त्या आठ वर्षांत तिला ऊत आला होता. तीन सिग्मावर इतकं उडायचं नसतं. कणभौतिकीत शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात, म्हणजे नुसत्या योगायोगाने तसं दिसण्याची शक्यता पस्तीस लाखांत एक. आपल्याकडे भिंतीभिंतीवर सिक्स सिग्माचे बोर्ड आहेत म्हणून छाती फुगवू नका. आपला सिक्स सिग्मा म्हणजे ३.४ पीपीएम, आणि तो दीड सिग्माची सूट आधीच खिशात घालून काढलेला असतो. खरा हिशेब साडेचारचा. आणखी एक मान्य करतो. बी मेसॉनचे काही क्षय असे आहेत की ज्यांत सिद्धांताचा स्वतःचा टॉलरन्सच वादात आहे; क्वार्क एकमेकांना जो चिखल लावतात तो गणितातून पुरता निघत नाही. तिथे फरक दिसला तर तो निसर्गाचा की हिशेबाचा, यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. शेठांनी या जागेवर बोट ठेवलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण त्यासाठी वाचावं लागतं.

कागदी हिशेबाचं व्यवहारात काय, हे विचारणाऱ्याने कोलारची गोष्ट ऐकावी. ती लोखंडाची आहे, म्हणून आपल्या भागात चालेल. १९७४ च्या सुमारास एका सिद्धांताने म्हटलं की प्रोटॉनसुद्धा अमर नाही. त्याचं सरासरी आयुष्य एकावर तीस-एकतीस शून्यं इतकी वर्षं. विश्वाचं वय त्यापुढे काहीच नाही. मग एवढा काळ वाट कोण बघणार? इथे त्रैराशिक कामाला येतं. एका प्रोटॉनकडे तेवढी वर्षं बघत बसण्यापेक्षा तेवढ्या प्रोटॉनांकडे एक वर्ष बघा. एक टन लोखंडात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून सहावर एकोणतीस शून्यं इतके कण. टीआयएफआरने ओसाकाच्या शास्त्रज्ञांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर, लोखंडी चौकोनी नळ्यांचे थर रचून १४० टनांचा शोधक उभा केला. तो १९८० च्या अखेरीस चालू झाला. १४० टनांत आठावर एकतीस शून्यं कण. आयुष्य एकावर एकतीस शून्यं असेल तर वर्षाला आठेक क्षय. हा हिशेब नसता तर १४० किलो लोखंड घ्यायचं की १४० टन, हे स्टोअरवाल्याला कोण सांगणार होतं? खाणीत एवढं खोल कशाला उतरायचं, हेही त्याच कागदावर होतं: वर्षाला आठ घटना शोधायच्या तर आकाशातून पडणाऱ्या म्युऑनचा पाऊस आधी अडवावा लागतो.

कोलारच्या गटाने काही घटना प्रोटॉनच्या क्षयासारख्या दिसतात असं लिहिलं. अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या मोठ्या शोधकांना तसं काही दिसलं नाही, आणि तो पहिला साधा सिद्धांत बाद झाला. आज जपानच्या सुपर-कामिओकांदे या शोधकाने घातलेली आयुष्याची किमान मर्यादा, पॉझिट्रॉन आणि पायॉन या एका मार्गापुरती, २.४ वर चौतीस शून्यं वर्षं अशी आहे. ढोबळ भाषेत, आपल्या तळेगाव चौकात वीस-वीस टनांचे कॉइल घेऊन अडकलेले दोन हजार ट्रेलर वर्षभर बघत बसलात तरी त्या मार्गाने एखादा प्रोटॉन गेला तर गेला. आणि ते दोन हजार ट्रेलर तिथे वर्षभर अडकलेलेच असतात, तेव्हा प्रयोग तसा स्वस्तात होईल. जपानचा पहिला कामिओकांदे याच प्रोटॉनसाठी बांधलेला होता. फेब्रुवारी १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेत एक तारा फुटला तेव्हा त्यातून आलेले न्यूट्रिनो त्याच्या पाण्यात नोंदले गेले, आणि त्याबद्दल त्या प्रयोगाचे प्रमुख कोशिबा यांना २००२ चं नोबेल मिळालं.

इथे मला आमच्या बाजूच्या वकिलांशीही भांडायचं आहे. विज्ञानाची बाजू घेणारे लगेच म्हणतात, वेब सर्नमध्ये जन्माला आलं, इस्पितळातलं पेट स्कॅन अणुविज्ञानातून आलं, सर्नच्या एलएचसी या कणत्वरकाच्या चुंबकांखालचे सुमारे सात हजार जॅक भारताने बनवले. खरं आहे सगळं. पंधरा मीटर लांब, पस्तीस टनांचं चुंबक ५० मायक्रॉनच्या हिशेबाने हलवणारा जॅक इंदूरच्या सरकारी संशोधन केंद्रात आखला आणि आपल्याच देशात बनवला, याचा मला अभिमान आहे. पण तो जॅक बी-एस मेसॉनच्या क्षयाचं समर्थन होत नाही. जॅक हवा तर जॅकची ऑर्डर काढा. पोरीच्या गाण्याच्या क्लासची फी का भरली, तर रियाजाने दमा बरा होतो म्हणून, असं सांगणाऱ्या बापासारखं हे आहे. दमा बरा झाला नाही की क्लास बंद. आणि शेठांसारखा हिशेबी माणूस ते बरोबर पकडतो. सैद्धांतिक संशोधनातून उद्या चाकणला काही मिळेल असं मी म्हणत नाही. कदाचित कधीच मिळणार नाही.

आयटीआयचं मात्र शेठ बरोबर बोलतात, फक्त चुकीच्या माणसाकडे बघून. आयटीआयतल्या लेथचा पैसा कुणी फळ्यावर म्युऑन मोजून खाल्लेला नाही. सैद्धांतिक भौतिकीवाल्याला लागतं काय? खडू, संगणक, दोन विद्यार्थी आणि कुणी मध्येच उठवू नये एवढी दुपार. आपल्या पट्ट्यातला कुठला कारखाना वर्षाला किती अॅप्रेंटिस भरतो आणि त्यांना शिकवतो की पॅकिंगला बसवतो, हा लेख शेठांनी लिहावा. मी आकडे देईन.

आणि हे साहेबाचं शास्त्र आहे, आपलं नाही, असंही एक वाक्य लेखात होतं. होमी भाभांनी १९३८ साली केंब्रिजमध्ये असताना ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. त्यात म्हटलं होतं की वैश्विक किरणांतला एखादा अस्थिर कण वेगाने धावत असेल तर सापेक्षतेप्रमाणे त्याचं घड्याळ हळू चालेल आणि तो जास्त जगलेला दिसेल. कणाच्या क्षयावरचं कागदी काम, प्रयोगाच्या आधी. म्युऑनला एरवी मिळतात २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाशाच्या वेगानेही तो साडेसहाशे-पावणेसातशे मीटरच जाईल. पण तो पंधराएक किलोमीटरवरून निघतो आणि आपल्या शेडच्या पत्र्यातून, माझ्या हाताखालच्या ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटमधून आरपार जातो; तळहातातून सेकंदाला साधारण एक. पुढे अमेरिकेत हे मोजून खरं ठरलं. टीआयएफआर काढली ती याच माणसाने.

शेवटी एक ताजी बाब. जपानमध्ये त्सुकुबाला बेल-२ नावाचा प्रयोग चालतो. त्याच्या मध्यभागी सिलिकॉनचे जे थर आहेत, त्यांतला चौथा टीआयएफआरच्या लोकांनी जोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या प्रयोगाने बी मेसॉनचा एक क्षय जाहीर केला: केऑन आणि दोन न्यूट्रिनो. न्यूट्रिनो तिथल्या शोधकात सापडत नाहीत, त्यामुळे जे दिसत नाही त्याचा हिशेब जुळवून मोजायचं, म्हणजे डिस्पॅच झालेल्या मालावरून गायब नग शोधण्यासारखं. ड्रॉइंग म्हणतं ५.६ पीपीएम. मोजलं २३, अधिक-उणे सात. फरक २.७ सिग्मा.

पाच नाहीत. म्हणून कुणी शोध म्हणत नाही, आणि २०२२ चा चटका ताजा असल्याने या वेळी निबंधही जरा हात राखून लिहिले गेले, असं मला वाटतं. पण चौपट आहे. आमच्याकडे अशा लॉटला लाल टॅग लागत नाही आणि हिरवाही लागत नाही. पिवळा लावतात, वर तारीख टाकतात आणि रॅकच्या एका बाजूला ठेवतात. मग गेज तपासायला पाठवतात, जास्त नग मोजायला घेतात, आणि ज्याने ड्रॉइंग काढलं त्याला फोन करतात की बाबा, तुझा आकडा पुन्हा एकदा बघ. तो फोन उचलणारी काही माणसं कुलाब्याला टीआयएफआरमध्ये बसतात, काही पाषाणला आयसरमध्ये. शेठ, पाषाण आपल्या भोसरीहून वीसेक किलोमीटर आहे. एकदा रविवारी जाऊ, गाडी मी काढतो.